लाँड्रीत साडी बिघडली तर

आईची पैठणी ड्रायक्लीनिंगहून आली ती पदरावर तळहाताएवढा पिवळट डाग घेऊन. मी काउंटरवर तावातावाने बोलले, मालक ढिम्म! दुसऱ्या दिवशी गर्दी नसताना गेले, पावती आणि साडी देतानाचा फोटो घेऊन. ‘वाट लावलीत’ऐवजी म्हटलं, ‘काका, दिली तेव्हा डाग नव्हता. पुन्हा स्वच्छ करून देता की पैसे परत?’ नेमकं मागितल्यावर ते साडी उजेडात धरून बघायला लागले. घडी मात्र सुरेख घालतात, तेही सांगितलं.

पावतीमागच्या ‘आम्ही जबाबदार नाही’ला घाबरू नका. आधी लेखी तक्रार द्या, पोच घ्या. दाद नाहीच लागली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग, २ वर्षांच्या आत. धुलाईचं बिल ५ लाखांच्या वर जाणार थोडंच, म्हणजे आयोगात तक्रारीचं शुल्क शून्य.