घरात जनावर निघालं तर मारायचं का सोडायचं

पाऊस लागला की आपल्याकडं काय काय निघते ते सांगायची गरज नाही, विंचू, गोम, उंदरं, साप, अन् चप्पल तर हातात तयारच असते. माझं म्हणणं एवढंच की चप्पल उचलायच्या आधी पाहा, खरंच धोका आहे का नुसती किळस येऊन राहिली. किळस आली म्हणून जीव घ्यायचा नाही, अन् मारायचंच असन तर एका झटक्यात, तडफडवून नाही.

पाल तर सोडूनच द्या, ती विषारी नसते, लोक काहीही सांगतात. रात्रभर ट्यूबलाइटपाशी बसून किडेच खाते बिचारी.

साप निघाला तर पहिले लेकरं बाजूला करा, एकानं लांबून नजर ठेवायची, कारण नजर हटली की तो कुटारात नाहीतर पऱ्हाटीच्या ढिगात शिरते अन् मग घरभर कोणाले झोप नाही. दुसऱ्यानं सर्पमित्राले नाहीतर वनविभागाच्या १९२६ वर फोन लावायचा. काठी घेऊन जवळ जाणं म्हणजे चावून घ्यायची सोय, अन् १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं साप मारणं गुन्हाही आहे. सगळ्यात जास्त राग येते तो धामण मारल्याचा, नाग समजून ठेचतात, तिला विष नाही अन् वावरातली उंदरं तीच खाते. मण्यार मात्र रात्री खाली झोपलेल्या माणसाले चावते, म्हणून बाजेवर झोपा अन् मच्छरदाणी गादीखाली खोचा. चावलाच तर मांत्रिक नको, सरळ सरकारी दवाखाना, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारहींवर एकच औषध चालते.

विंचू अंथरुणात निघाला अन् घरात लहान लेकरू असन तर मारा, मी काही म्हणत नाही. भिंतीवर असन तर वरून डबा झाका, खालून पुठ्ठा सरकवा अन् दूर धुऱ्यावर सोडून या. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मिळते ना, अंधारात तो मारला की विंचू हिरवट चमकते, झोपायच्या आधी कोपरे पाहायले लय कामाचा.

उंदराचं जरा अवघड आहे. धान्य वाचवायचं तर मारावं लागते हे मान्य, पण तो चिकट पुठ्ठा आणू नका. उंदीर त्यात मरत नाही, रात्रभर चीं चीं करत ओढाताण करते, कातडं सोलून निघते, अन् सकाळी लोक तसाच जिवंत उकिरड्यावर फेकतात. पिंजरा बादलीत बुडवणंही तसंच. त्यापेक्षा चापाचा सापळा बरा, भज्याचा तुकडा लावा, खट्ट झालं की संपलं. पिंजऱ्यात धरून दुसऱ्याच्या वावरात सोडणारेही आहेत, वा रे दया, त्यानं काय पाप केलं? विष टाकलं तर मेलेला उंदीर मांजर नाहीतर घुबड खाते अन् तेही जाते.

अन् हात जोडून सांगतो, कपाशीवरचं उरलेलं औषध घरात फवारू नका. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करतानाच शेतकरी विषबाधेनं गेले, तेही मोकळ्या वावरात, अन् आपण तेच ढेकणासाठी बंद खोलीत मारतो, तिथंच लेकरं झोपतात. धान्यात ठेवायच्या गोळ्याही झोपायच्या खोलीत नको, त्याच्या गॅसनं माणूस मरते. ढेकणाले उकळतं पाणी, बाजेच्या सांध्यात ओता अन् मे महिन्याच्या उन्हात टाका. ढेकणाची मले दया येत नाही.

डासाचीही नाही. पण तो उडायच्या आधीच आवरा. डेंग्यूचा डास साफ पाण्यात अंडी घालते, म्हणजे कूलर, रांजण, छतावरचे टायर, अन् आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होते, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून आतून घासा, अंडी भिंतीले चिकटून राहतात. मोठा हौद रिकामा होत नसन तर आरोग्य केंद्रात गप्पी मासे मागा, ते अळ्या खातात. फक्त ते हौदातच ठेवा, बाहेरच्या देशातले मासे आहेत, तलावात-नाल्यात सोडू नका.