सर्व्हर कोअर डोमेनला जोडताय? या चुका टाळा

डेस्कटॉप नसलेला विंडोज सर्व्हर समोर आला की नवशिके एस-कॉन्फिग (सेटिंग्जचा साधा मेनू) उघडतात, घाईघाईने डोमेनचं (एकाच जागेवरून सांभाळल्या जाणाऱ्या मशीन-खात्यांच्या गटाचं) नाव टाकतात आणि 'डोमेन सापडत नाही' आलं की फायरवॉल बंद करायला धावतात. फायरवॉलच्या नावाने बोटं मोडण्याआधी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, बघा.

दुसरा डीएनएस म्हणून 8.8.8.8 (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) टाकू नका. 'असू दे, सेफ्टीसाठी' ऐकलं की माझं डोकं फिरतं. डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा डोमेनचा सर्व्हर) कुठे आहे हे मशीन डीएनएसच्या एसआरव्ही नोंदींवरून, म्हणजे कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदींवरून, शोधतं. बाहेरच्या डीएनएसला तुमचं आतलं डोमेन माहीतच नसतं. तो 'असं नाव नाही' म्हणतो, आणि विंडोज तेच उत्तर अंतिम मानतं. एका ठिकाणी सर्व्हर नीट जॉइन झाला होता, पण पुढे लॉगिन कधी चाले, कधी नाही. तिघांनी केबलपासून स्विचपर्यंत सगळं उपसलं, एकाने तर डोमेनमधून काढून परत जोडला. रात्री दीड वाजता मी आयपीकॉन्फिगचं (नेटवर्क सेटिंग्ज दाखवणाऱ्या कमांडचं) पूर्ण आउटपुट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आतला डीएनएस पॅचिंगसाठी रीस्टार्ट झाला की हे मशीन बाहेरच्याकडे जायचं आणि तिथेच रेंगाळायचं. दुसरा डोमेन कंट्रोलर असेल तर त्याचा पत्ता द्या, नसेल तर रकाना रिकामा सोडा. मी जॉइनआधी एनएसलुकअपने (डीएनएसला विचारणाऱ्या कमांडने) एसआरव्ही नोंद विचारतोच. नुसत्या पिंगवर माझा भरवसा नाही.

घड्याळाचंही तसंच. कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवायची पद्धत) साधारण 5 मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं. टाइमझोन चुकलेला असताना काटे हाताने 'बरोबर' केले, की दिसायला वेळ जुळते, पण आतली यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) काही तासांनी सरकते. आधी टाइमझोन, मग वेळ.

सर्व्हरचं नाव 15 अक्षरांच्या आत ठेवा. आधी नाव बदला, रीस्टार्ट करा, मग जॉइन. एका फटक्यात दोन्ही होतं, माहीत आहे. मी करत नाही.

तयार सर्व्हरची नक्कल (क्लोन) केलीत? सिसप्रेप (मशीनची जुनी ओळख पुसणारं विंडोजचं साधन) चालवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुन्या स्नॅपशॉटवर (मशीनच्या आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर) परत गेल्यावर डोमेनशी विश्वासाचं नातं तुटलं, तर आश्चर्य नको: मशीनचा पासवर्ड डीफॉल्टने दर 30 दिवसांनी बदलतो. बहुतेक वेळा टेस्ट-कॉम्प्युटर-सिक्युअर-चॅनल ही पॉवरशेल कमांड रिपेअरसह चालवलं की भागतं, पण त्यासाठी आत शिरायला लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. तो जॉइन करण्याआधीच लिहून ठेवा.

इतकं करूनही अडलं, तर विंडोजच्या डीबग फोल्डरमधला नेटसेटअप लॉग (जॉइनच्या पायऱ्यांची नोंद) शेवटाकडून वाचा.