मागच्या डिस्क बदलायच्या आधीची माझी तयारी

माझ्या ऑटोमॅटिक गाडीच्या मागच्या ब्रेक डिस्क ३८ हजार किमीला गेल्या, पुढच्या अजून ठणठणीत. गॅरेजवाले म्हणाले ऑटोमॅटिकला असंच होतं, नवीन टाकून दिल्या, आणि १४ महिन्यांत डावी परत झिजली. म्हणून आता घरी करतोय, आणि यादीत पहिला नंबर पार्टचा नाही, कारण शोधायचा आहे.

ऑटोमॅटिकला इंजिन ब्रेकिंग कमी मिळतं, ताम्हिणी घाट उतरताना डी (ड्राइव्ह) मध्येच ठेवली की पाय सारखा ब्रेकवर, हे खरंय, पण त्याने दोन्ही बाजू साधारण सारख्या झिजतील ना! एकच डिस्क आणि तीही आतल्या बाजूने खाल्ली असेल तर स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सरकतो) अडकलीय, कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन जाम आहे किंवा हँडब्रेक पूर्ण सुटत नाहीये. जास्त ब्रेक न दाबता १०-१५ किमी फिरून या आणि दोन्ही मागच्या चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. माझ्या डावीकडून धग यायची. नंतर पिन ओढली तर निघेना, पान्याने फिरवत फिरवत काढली तेव्हा ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं, पिनेवरचा रबरी बूट (झाकण) चिरलेला, आत पावसाचं पाणी. एवढ्याशा रबरापायी दोन डिस्क गेल्या.

मग व्हर्नियर घ्या आणि जाडी मोजा, कमीत कमी किती चालते ते डिस्कवरच कोरलेलं असतं, माझ्या १० मिमीच्या डिस्कवर ८.४ आहे. कडेला न झिजलेला काठ उरतो, तो सोडून जिथे पॅड घासतं तिथे मोजा.

सामान आणताना चासी नंबर देऊनच मागवा, एकाच मॉडेलमध्ये वेगळ्या साइझच्या डिस्क असतात. डिस्क जोडीनेच, पॅड नवीनच, सोबत पिनांचं रबर किट, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस (साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं), ब्रेक क्लीनर, तारेचा ब्रश. क्लीनर दोन कॅन घ्या, नवीन डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं ते पूर्ण पुसावं लागतं, आणि हबवरचा (डिस्क ज्यावर बसते तो भाग) गंज घासून काढला नाही तर डिस्क तिरकी बसते आणि पुढे पेडल थरथरतं.

हत्यारांत टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा) हवाच, त्याचे आकडे मॅन्युअलमधून आधीच कागदावर लिहून ठेवा. डिस्कचा स्क्रू गंजलेला असतो, इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीने ठोकून स्क्रू फिरवायचा) नसेल तर डोकं झिजून बसेल. कॅलिपर लटकवायला तार ठेवा, ब्रेक ऑइलच्या नळीवर (होज) वजन अजिबात नको. जॅकवर भरवसा ठेवून हात आत घालायचा नाही, दोन स्टँड लावाच. हँडब्रेक सोडलेला असणार, त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी पी (पार्किंग) मध्ये असली तरी लावा.

हँडब्रेक कसला आहे ते आधीच बघून ठेवा. केबलवाला असेल तर बहुतेक वेळा पिस्टन फिरवून आत घालायचा असतो, त्याचं टूल लागतं. बटणवाला (मोटरने लागणारा) असेल तर सर्व्हिस मोडमध्ये घेऊन मोटर मागे घ्यायची, काही गाड्यांना त्यासाठी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो, तो हातात आल्याशिवाय गाडी वर घेऊ नका, क्लॅम्पने जबरदस्ती केली तर कॅलिपरच जातो. ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद ठेवा आणि कॅलिपर उघडा असताना घरातल्या कुणी बटण दाबू नये म्हणून किल्ली खिशात. पिस्टन आत जाताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं, फडकं हाताशी ठेवा, सांडलं तर रंग खातं.

आणि हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टीअरिंगला चिकटवा: काम झाल्यावर ब्रेक पेडल कडक होईपर्यंत पंप केल्याशिवाय पी मधून काढायची नाही. मॅन्युअल निदान क्लच सोडेपर्यंत थांबते, ऑटोमॅटिक डी मध्ये टाकली की स्वतःच सरकते आणि पिस्टन आत ढकललेला असल्याने पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. पहिल्या चकरेसाठी सकाळचा मोकळा रस्ता ठरवून ठेवा, नवीन पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला गाडी ६० च्या वेगावरून १० पर्यंत आठ-दहा वेळा हळूहळू उतरवायची, मध्ये गार होऊ द्यायची, गरम असताना ब्रेक दाबून उभी करायची नाही.