लॉन काढताय? आधी लव्हाळ्याचा बंदोबस्त करा

देशावरच्या उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं म्हणजे पाण्याचा हिशोब आलाच. १ मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. १००० चौरस फुटांना रोज ५ मिमी दिलं, तरी ४६५ लिटर गेलं. म्हणून लॉन काढायचं ठरलं, तरी त्याजागी काय लावायचं ते मात्र नर्सरीत उभं राहून ठरवू नका. आधी जागेवर ऊन किती तास असतं आणि तिथून रोज कोण चालणार, ते बघा.

मुलं रोज क्रिकेट खेळणार असतील तर कुठलीच वेल टिकणार नाही. सरळ मुरूम पसरा, पाणी मारा, चोपून घ्या. भरपूर ऊन आणि अधूनमधून पाय पडणार असतील तर जलपिंपळी, ही जमिनीलगत पसरणारी वेल. ओढ्या-कालव्याच्या काठाला ती आपोआप वाढते, तिथून फांद्या आणता येतात. फुलांवर मधमाश्या येतात, तेव्हा अनवाणी फिरणाऱ्यांनी जपावं. चार-पाच तास ऊन असेल तर शोभेचा भुईमूग. नर्सरीत ‘अरॅकिस पिंटोई’ म्हणून मागा. आंब्याखालच्या सावलीत मंकी ग्रास, म्हणजे गवतासारख्या पात्यांची बुटकी झाडं. वेडेलिया ही पिवळ्या फुलांची वेल स्वस्तात आणि भराभर पसरते म्हणून गळ्यात मारतात. घेऊ नका, कुंपण ओलांडून शेजाऱ्याकडे जाते.

खरं काम जमिनीत आहे. एप्रिलमध्ये जुनं गवत खरवडून काढा आणि माती टिकावाने २०–२५ सेंमी खोल खणा. हरळीच्या काश्या (जमिनीतली लांब खोडं) आणि लव्हाळा या तणाच्या काळ्या गाठी हाताने वेचा. लव्हाळा नुसता वरून उपटला की पात तुटून हातात येते, गाठ आत राहते आणि आठवड्यात पुन्हा हिरवा कोंब. म्हणून वेचून झाल्यावर पाणी द्या, १५ दिवस थांबा, कोंब दिसले की गाठीसकट खणून काढा. असं तीनदा. इथे कंटाळा केला की पुढे वेलीच्या जाळीतून लव्हाळा काढत बसावं लागतं, आणि तो निघत नाही.

जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर शेणखताचा इंचभर थर मातीत मिसळा. १०० चौरस फुटांना साधारण १५ घमेली. जलपिंपळीच्या किंवा भुईमुगाच्या तीन-चार पेरांच्या १०–१५ सेंमी फांद्या २० सेंमी अंतरावर लावा, दोन पेरं मातीत. १०० चौरस फुटांना २३० फांद्या लागतात, थोड्या जास्तच आणा. ये-जा असेल तिथे शहाबादी फरशीचे तुकडे ६० सेंमीवर बसवा, खडबडीत बाजू वर. नाहीतर पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरतो.

चुनखडीच्या काळ्या मातीत भुईमुगाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता. पाणी जास्त झालं की आणखी वाढते. आधी पाणी कमी करा. मग लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. युरिया टाकू नका: पिवळेपणा नत्राचा नाही, आणि नत्र भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी स्वतःच मिळवतात.