खो मिळाला, पण ती उठली नाही

माझ्या संघातल्या एका मुलीचे वडील गेले तेव्हा मला खो-खो शिकवायला लागून 4 वर्षं झाली होती. ती पंधरा वर्षांची, आमच्या 17 वर्षांखालच्या संघातली सगळ्यात चपळ पळणारी. वडील रोज पहाटे पावणेसहाला तिला मोटरसायकलवरून मैदानावर सोडायचे आणि सराव संपेपर्यंत कट्ट्यावर बसून राहायचे. एका रात्री छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी जिल्हा स्पर्धा होती. मी घरी गेलो. तिच्या आईला म्हटलं, "वहिनी, पाठवा तिला. मैदानावर आली की दुःख विसरेल." आणि तिला सचिनची गोष्ट सांगितली. वडील गेले तरी परत इंग्लंडला गेला आणि शतक ठोकलं, ही. तुमच्या संघातल्या मुलाच्या घरचं कुणी गेलं तर तुम्हीही हीच सांगाल. मनात चांगला हेतूच असेल, म्हणूनच आधी सांगून ठेवतो, सांगू नका.

1999 च्या त्या वर्ल्ड कपमध्ये सचिन आधी मुंबईला घरी आला. मधली झिम्बाब्वेविरुद्धची मॅच तो खेळलाच नाही आणि ती आपण 3 धावांनी हरलो. केनियाविरुद्ध नाबाद 140 केल्या त्या नंतर. तेव्हा तो 26 वर्षांचा होता, जवळजवळ दहा वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलेला. विराट कोहलीचंही तसंच. 2006 मध्ये वडील गेले त्याच दिवशी तो रणजीत दिल्लीसाठी बॅटिंगला गेला आणि आदल्या दिवशीचा डाव 90 धावांपर्यंत नेला, पण जायचं हे त्याने स्वतः ठरवलं होतं. पंधरा वर्षांच्या पोरीला आपण ही उदाहरणं देतो तेव्हा तिला एवढंच ऐकू येतं की रडलीस तर तू खरी खेळाडू नाहीस.

ती आली. पहिल्या तुकडीत उतरली आणि 4 मिनिटं 10 सेकंद पळाली. आम्ही जिंकलो. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणालो, "बघा, याला म्हणतात खेळाडू." सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

खरा सापळा हा आहे, आणि मी त्यात पुरता अडकलो. खेळ चांगला होतोय म्हणजे पोरगी सावरली, असं मी धरून चाललो. दुःखातलं मूल कित्येकदा आधीपेक्षा जास्त जोरात खेळतं. घरी माणसं बसलेली असतात, आई गप्प असते, मैदानावर निदान काय करायचं ते ठाऊक असतं. तेवढा वेळ ते पळतं, आणि आपण तो वेळ स्टॉपवॉचवर मोजून खूश होतो. रात्री झोप लागते का, जेवण किती होतं, शाळेत बाकावर डोकं टेकून बसते का, यातलं स्टॉपवॉचवर काहीच दिसत नाही. मी विचारलंही नाही. विचारावं लागेल असं काही मला दिसतच नव्हतं, कारण ती जिंकून देत होती.

विभागीय स्पर्धेच्या तयारीत, दीडेक महिन्याने, मी बैठक बदलली. ती नेहमी ज्या चौकात बसायची तिथून शाळेची भिंत दिसायची. त्या दिवशी तिला शेजारच्या चौकात बसवलं, म्हणजे तोंड कट्ट्याकडे. आक्रमण सुरू झालं. मागून हात पाठीवर पडला, "खो!" ती उठली नाही. उकिडवी, दोन्ही पंजे मातीवर टेकलेले, मान वर, नजर कट्ट्यावर. देणारीने पुन्हा खो दिला. मी शिट्टी मारली आणि ओरडलो, "लक्ष कुठंय?"

त्यानंतर ती तीन आठवडे आली नाही. आईकडून कळलं, रोज पहाटे पाचला उठून किट घालून उंबऱ्यावर बसते आणि सहा वाजून गेले की आत येते. पुढे कधीतरी ती मला म्हणाली, "सर, जिंकल्यावर मी पहिल्यांदा कट्ट्याकडे बघितलं होतं. तुम्ही टाळ्या वाजवायला सांगत होता." यावर मला काही बोलता आलं नाही.

ती परत आली, म्हणून घाबरू नका. मुलं परत येतात. पहिले दहा-बारा दिवस मी तिला सामन्यांचं गुणपत्रक लिहायला बसवलं, मग नुसतं वॉर्मअप, मग अर्धा सराव. झोप नसलेल्या शरीराकडून सूर मारून घेतला की गुडघा जातो, तेव्हा आधी झोपेची चौकशी करा, मगच सराव वाढवा. वडिलांचा विषय टाळू नका, त्यांचं नाव घ्या. "तुझे बाबा तिथे बसायचे, मलाही तिकडे बघवत नाही," एवढं मी बोललो तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

एक दिवसाचा प्रेरणादायी वक्ता बोलावण्याचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. तासभर बोलून तो निघून जातो आणि सोमवारी मूल तिथेच असतं. "मैदान सगळं विसरायला लावतं" म्हणणारे जुने प्रशिक्षक तुम्हाला भेटतील. खेळातलं त्यांच्याकडून जरूर शिका, हे मात्र घेऊ नका.

आणि सगळं एकट्याने अंगावर घेऊ नका. मुलीशी बोलताना शिक्षिका किंवा आई जवळपास असू द्या, बंद खोलीत नाही, रात्री मेसेजवर नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधी देऊ नका. मूल जेवणच सोडायला लागलं, स्वतःला इजा करायला लागलं, "मीच नसते तर बरं" असं म्हणालं, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टर गाठा. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तुम्हाला स्वतःला सुचेनासं झालं तरी लावा.

डायरीत तारखा लिहून ठेवा: मासिक श्राद्ध, पहिली दिवाळी, पितृपक्ष, वर्षश्राद्ध. लोक विचारायचे थांबतात, त्यानंतरचे दिवस जड असतात.

पहिल्या भेटीत फार बोलायचं नसतं. जा, बसा, दिलेला चहा घ्या. "यावंसं वाटेल तेव्हा ये, संघातली जागा तुझीच आहे," एवढं म्हणा. मग निवडीच्या दिवशी कुणी तरी म्हणेल, सराव बुडालाय, नाव काढा. तिथे त्या पोरीसाठी भांडा.