टाळूवरचं टॅटू: या चुका टाळा

स्काल्प मायक्रोपिगमेंटेशनने केस उगवत नाहीत. बारीक कापलेल्या केसांचा भास व्हावा म्हणून त्वचेत रंगाचे ठिपके भरतात, एवढंच. हे पटलं असेल तरच खुर्चीत बसा.

सगळ्यात जास्त बिघडते ती हेअरलाइन. विशीतली मुलं कॉलेजचा जुना फोटो दाखवतात आणि कपाळावर बोट ठेवून म्हणतात, "इथपर्यंत हवी." मी ऐकत नाही. असाच एकजण दुसरीकडून करून घेऊन माझ्याकडे आला. पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ, कोपरे काटकोनात. त्यात सगळं एकाच सिटिंगमध्ये उरकलेलं. सुई खोल गेल्याने ठिपके पसरून एकमेकांत मिसळले होते आणि रंग निळसर पडला होता. "वरून अजून काळं करून द्या," म्हणत होता. निळ्यावर काळं चढवलं की डाग आणखी गडद होतो, झाकला जात नाही. आधी लेसरने रंग फिका केला, त्वचा पूर्ण बरी होऊ दिली आणि मगच रेघ वर घेतली. पोराचा पैसा गेलाच, शिवाय कित्येक महिने टोपी घालून फिरावं लागलं.

मी रेघ आखायच्या आधी समोरच्याला भुवया उंचावायला लावतो. कपाळावर सगळ्यात वर जी आठी पडते, तिच्याही वर रेघ. कड मुद्दाम तुटक आणि विरळ ठेवतो.

दुसरी चूक म्हणजे घाई. पहिल्या दिवशी ठिपके गडद दिसतात, खपल्या गेल्या की फिके होतात. ते तसंच व्हायला हवं. साधारण 2 ते 4 सिटिंग लागतात, मधे आठवडा-दोन आठवडे. "एका दिवसात दाट करून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. अंगावर उत्तम टॅटू काढणाराही टाळूचं वेगळं शिक्षण घेतलेला नसेल तर नको.

सोरायसिस उफाळलेला असेल किंवा जखमेचे व्रण फुगून वाढत असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

केस गळायचे थांबले नसतील तर त्यावरचा उपचार बंद करू नका. नाहीतर रंगवलेल्या भागामागे उघडी पट्टी दिसू लागते.

सुरुवातीचे काही दिवस जिम, पोहणं, ऊन बंद. खपली नखाने काढलीत तर रंगही जातो. पुढे काही वर्षांनी टच-अप लागतोच, त्याचा खर्च पहिल्याच दिवशी विचारून घ्या.