सायकल आणि मैफल टिपताय? आधी या चुका टाळा

नागपुरात थंडी पडली की सायकलवाल्यांचे आणि गाण्याच्या कार्यक्रमवाल्यांचे माझ्यासारख्या फोटोग्राफरला फोन एकदमच सुरू होतात. दोघांचा हंगाम एकच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पुढे उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर सायकल काढायची इथे फार थोड्यांची छाती होते. याच दिवसांत तिसऱ्या जातीचा फोनही येतो. 'दादा, येऊ का तुमच्यासोबत? कॅमेरा घेतला मी.' ये म्हणतो. मग त्याच त्या चुका नव्या चेहऱ्यांनी बघत बसतो. कॅमेरे तेवढे दरवर्षी महाग होत जातात.

अंधारात समोरून फ्लॅश मारणं

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, म्हणून जरा लांबण लावतो.

ब्रेव्हे म्हणजे लांब पल्ल्याची, वेळेत पुरी करायची सायकलफेरी. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस. बरेचदा सुरुवात पहाटेच्या अंधारात होते, म्हणून पुढे-मागे दिवे आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट सक्तीचं. अमरावती रोडवर, गोंडखैरीच्या पुढे, एक पोरगा माझ्यासोबत होता. हुशार, पण घाईचा. मी गाडीतून ट्रायपॉड काढेपर्यंत हा डांबराच्या कडेला उकिडवा बसला आणि समोरून येणाऱ्या चार-पाच जणांच्या घोळक्यावर त्याने थेट फ्लॅश मारला. पहिल्या सायकलवर पन्नाशी ओलांडलेले एक काका होते. त्यांचा हात आपोआप डोळ्यांवर गेला, सायकल डांबर सोडून खाली गिट्टीत उतरली, मागच्यांनी करकचून ब्रेक दाबले. कोणी पडलं नाही, पण काकांचा टायर बाजूने फाटला. ते उतरून म्हणाले, 'काहून बे, आंधळं करतो काय?' आणि आपला पोरगा मला काय म्हणतो? 'दादा, फ्रेम बघा ना!'

फ्रेम पाहिली. जॅकेटच्या पट्ट्या पांढऱ्याफटक, चेहरा काळा. होणारच होतं ते. त्या पट्ट्या प्रकाश जिथून येतो तिकडेच परत फेकतात, म्हणजे फ्लॅशचा सगळा उजेड पुन्हा लेन्समध्ये. माणूसही धोक्यात आणि फोटोही कचऱ्यात.

माझी सवय साधी आहे. अंधारात मी चेहरे टिपतच नाही. सुरुवातीच्या ठिकाणी पथदिव्याखाली टायरमध्ये हवा भरणारे, ब्रेव्हे कार्डावर सही करणारे, चहा घेणारे लोक टिपायचे. रस्त्यावर गेल्यावर पाठमोरे, मागच्या लाल दिव्यांच्या रेघा, शटर १/१५ सेकंदाच्या आसपास, फ्लॅश बॅगेत. जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसात-सातला वर येतो. तोवर थांबायला काय हरकत आहे? पण थांबणं नव्या पोरांना मानवत नाही. त्यांना पहिला फोटो सहाच्या आत स्टेटसला हवा असतो.

वळणावर उभं राहायचं तर आतल्या बाजूला. वेगात आलेला सायकलवाला चुकला तर तो बाहेरच्या कडेला जातो, आणि बाहेरच्या कडेला उभे राहून 'मस्त अँगल' शोधणारे फोटोग्राफर मी नेहमी बघतो.

आणि ब्रेव्हे ही शर्यत नाही. तिच्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. फोटोखाली 'विजेता' लिहून पाठवलंत की आयोजकाला कळतं, तुम्ही फक्त कॅमेरा घेऊन आला होता.

'लेन्स सॉफ्ट आहे दादा'

मार्च-एप्रिलमध्ये हे ऐकायला मिळतं, म्हणजे लेन्स फोटो धूसर काढते अशी तक्रार. भर दुपारी, तापलेल्या डांबरावर, २०० मीटरवरचा सायकलस्वार मोठ्या लेन्सने ओढून घ्यायचा आणि मग लेन्स घेऊन सर्व्हिस सेंटरला जायचं. लेन्सला काही झालेलं नसतं. रस्त्यावरची गरम हवा हलत असते आणि तिच्यातून येणारा प्रकाशही हलतो. जास्त झूम केलं की ते आणखी दिसतं. कुठलाही फोकस, कुठलंही सॉफ्टवेअर ते भरून काढत नाही. उपाय दोनच: जवळ जा, नाहीतर सकाळी जा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणाऱ्यांना मी यापुढे समजावणार नाही.

मैफलीत आवाज टाळायला गेले आणि पट्टे घेऊन आले

शास्त्रीय गाण्याच्या कार्यक्रमात कॅमेऱ्याचा खटखटाट चालत नाही, एवढं पोरांना आता कळतं. म्हणून सगळे सायलेंट शटर लावतात आणि निवांत होतात. एका सतारवादनाला असाच एक जण आला. पूर्ण संध्याकाळ सायलेंट, १/५००. मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळं झकास. घरी जाऊन मोठ्या पडद्यावर उघडलं, तर वादकाच्या पांढऱ्या कुर्त्यावर चटईसारखे आडवे पट्टे आणि तबलजीची बोटं वाकडी. रात्री साडेबाराला मला फोन. 'दादा, लाइटरूममध्ये जाते का हे?' लाइटरूम म्हणजे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर. जात नाही.

सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, ते चित्र ओळीओळीने वाचतं. मंचावरचे स्वस्त एलईडी दिवे आपल्या डोळ्यांना न दिसता लुकलुकत असतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा उजेड-अंधार करतात. १/५० किंवा १/१०० ला बरेचदा सुटका होते. पण मंद केलेले एलईडी स्वतःच्याच वेगळ्या तालात लुकलुकतात, तिथे आकडे पाठ करून भागत नाही. देशपांडे सभागृह असो की सुरेश भट सभागृह, मी तानपुरे लागायच्या आधी पोचतो, दिवेवाल्याला त्याचे दिवे कार्यक्रमात राहणार तसेच लावायला सांगतो, रिकाम्या मंचाचे आठ-दहा फोटो वेगवेगळ्या शटरला काढतो आणि तिथेच मोठे करून बघतो. पट्टे दिसले तर मेकॅनिकल शटर.

मग आवाजाचं काय? आलापात शटर दाबायचंच नाही. तबला सुरू झाला, लय वाढली, सतारीचा 'झाला' (शेवटचा जलद भाग) रंगला, की तुमचा एक 'खट्' कोणाला ऐकू येत नाही. यासाठी गाणं ऐकावं लागतं, आणि इथेच घोडं अडतं. विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, सावकाश गायकीत मिनिटभराचंही असू शकतं. गायक समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, येतो तेव्हा त्याचा हात, मान, समोरच्या तबलजीची नजर, सगळं एका क्षणी जुळतं. ज्याला सम कळते तो एकदाच दाबतो. ज्याला कळत नाही तो सेकंदाला वीस फोटो मारतो, आणि त्या वीसांतही तो क्षण नसतो. किमान तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजायला शिका. यूट्यूबवर कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू बघता त्यापेक्षा कमी वेळ लागतो.

मंचाच्या मागे काळा पडदा असतो. कॅमेरा त्याला बघून फसतो आणि चेहरा जाळून टाकतो, म्हणजे पांढराफटक करतो. शास्त्रीय मैफलीत दिवे सहसा तासन् तास बदलत नाहीत, तेव्हा मॅन्युअलवर एकदा एक्स्पोजर (उजेडाचं माप) लावा आणि विसरा. बॅंडच्या कार्यक्रमात उलटं असतं: निळा-जांभळा दिवा तोंडावर पडला की चेहऱ्याचा नुसता रंगीत गोळा होतो, रॉ फाइलही (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) वाचवत नाही. पांढरा किंवा पिवळा उजेड येईपर्यंत बोट आवरा.

पैशाचं 'नंतर बघू'

'फोटो मी काढला म्हणजे फोटो माझा' असं समजून फिरणारे बरेच आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ एकदा वाचा. दुसऱ्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो सांगणाराच असतो. म्हणजे गंमत बघा, फुकट काढलेल्याचे मालक तुम्ही आणि पैसे घेतलेल्याचे ते. एका आयोजकाने एका ओळखीच्या मुलाचे फोटो पुढच्या वर्षीच्या होर्डिंगवर लावले, नावही नाही. मुलगा भांडायला निघाला, हातात कागद काय? काहीच नाही.

वकील लागत नाही. काम घेतानाच एक मेसेज पाठवायचा: फोटोंचा हक्क माझ्याकडे, तुम्ही ते अमुक ठिकाणी वापराल, नाव द्याल, निम्मे पैसे आधी, उरलेले अमुक तारखेला. समोरून 'मान्य' असं उत्तर येईपर्यंत मी बॅग भरत नाही. 'अरे, आपल्यातलेच आहेत ना' म्हणणाऱ्यांकडून तर आधी घ्या. टीडीएस कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, नाहीतर रिटर्न भरताना बसाल डोकं धरून.

आता किरकोळ. रात्रीची मैफल आणि पहाटेची राइड लागोपाठ असेल तर मेमरी कार्ड रात्रीच रिकामं करा. पहाटे साडेचारला झोपेत फॉरमॅट दाबणारे बोट तुमचंच असतं. माइक गायकाच्या तोंडावर येतो म्हणून कुरकुरू नका, दोन पावलं बाजूला सरका. मागे बसलेल्या तानपुऱ्यावरच्या मुलींचाही फोटो घ्या, तो कोणीच घेत नाही आणि त्यांच्या घरचे तोच मागतात. पावसाळ्यात एसी सभागृहातून बाहेर आलात की कॅमेरा लगेच काढू नका, काचेवर धुकं धरतं. दहा-पंधरा मिनिटं बॅगेतच राहू द्या. लेन्सच्या डब्यात सिलिका जेल हवंच, काचेला लागलेली बुरशी पुसून जात नाही. आठशे फोटो पाठवू नका, साठ पाठवा. आणि ते कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पाठवा, कारण तिसऱ्या दिवशी आयोजकाच्या पुतण्याचे मोबाइलवरचे फोटो छापून आलेले असतात.